रक्तातली राखण

आश्विनातल्या दुपारी जव्हारहून जामसरच्या वाटेला लागलं, की आधी वास येतो. दाणे भरत आलेल्या भाताचा, तापलेल्या गवताचा आणि ओहोळाच्या कडेला कुजणाऱ्या पानांचा तो एकत्र, किंचित आंबूस, सुस्तावलेला गंध! मागोमाग आवाज येतो. कुणीतरी पत्र्याचा डबा बडवतं, पलीकडच्या उतारावरून लांबलचक आरोळी उठते, हिरव्या पोपटांचा थवा भातावरून उसळतो आणि दुसऱ्याच्या खाचरात जाऊन बसतो. मग तिथला राखणदार आपला डबा बडवू लागतो. पाखरं कुणाचीच जात नाहीत, फक्त एकमेकांकडे पाठवली जातात. तरीही पिढ्यान् पिढ्या आमच्याकडे राखण चालूच आहे.

लहानपणी मलाही राखणीला बसवत. राखण म्हणजे वैर, इतकंच तेव्हा मला कळत असे. जे आपलं नाही ते हाकलायचं. चोच असो, खूर असो की मुसंडी मारणारं रानडुक्कर असो. पण आमचे काका राखणीला असत तेव्हा निराळंच काही दिसे. आरोळी ते दिवसातून चार वेळा देत असतील नसतील. उरलेला सगळा वेळ खांद्यावर कुदळ टाकून बांधाबांधानं हिंडत. कुठे खेकड्यानं बीळ केलं असेल तर ते बुजवायचं, कुठे बांध थोडा फोडून वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात सोडायचं. दाणा भरण्याच्या दिवसांत पाणी तुटलं तर लोंबी पोचट राहते. ज्यांच्या हातात गोफण, त्यांच्याच हातात पाण्याची वाट, हे मला फार मोठी झाल्यावर उमगलं आणि तेही शेतात नव्हे, पुस्तकात.

मी जव्हारला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असे. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या परक्याला ओळखतात आणि त्याचा नाश करतात, हा धडा मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा शिकवला होता, की शिकवता शिकवता खिडकीबाहेरची रहदारीही पाहता यायची. एकदा मात्र मागच्या बाकावरून पोशेरा गावची एक मुलगी उभी राहिली. तिनं विचारलं, "मॅडम, पोटातलं बाळ तं निम्मं बापाचं असतंय. मंग त्याला कशाला नाय मारत?" वर्ग हसला. मीही हसले, पण माझं हसू जरा उशिरा आलं. कारण प्रश्न अचूक होता आणि धड्यात त्याचं उत्तर नव्हतं. गर्भ हा निम्मा परकाच की! दुसऱ्या घराण्याच्या खुणा अंगावर मिरवत तो या देहात उतरतो आणि नऊ महिने ठाण मांडून बसतो. एखाद्याचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं तर देह ते फेकून देऊ पाहतो; मग या पाहुण्याला कुणीच कसं हटकत नाही?

उत्तर शोधायला मला नाशिकला जावं लागलं, तिथल्या ग्रंथालयातली मासिकं चाळावी लागली. आणि जे वाचलं, त्यानं मी खरोखर चकित झाले. मला वाटलं होतं, त्या काळात गर्भाशयातले पहारेकरी दूर सारले जात असतील. पण छे! ते तिथे गर्दी करतात. गर्भ रुजायच्या सुमारास गर्भाशयाच्या मऊ अस्तरात ज्या पेशी दाटतात, त्यांच्यात मोठा भरणा असतो तो चक्क मारक पेशींचा. शास्त्रानं त्यांना नावच तसं दिलंय. रोगट पेशी दिसली की तिला संपवणाऱ्या पेशींच्याच या बहिणी. आणि इथे त्या करतात काय? तर आईच्या बारीक, नागमोडी रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करायला हातभार लावतात. अरुंद वाहिन्या रुंद होतात, रक्त संथ आणि भरपूर वाहू लागतं, बाळाला जोडलेल्या वारेपर्यंत पोहोचतं, आणि त्यावर बाळ पोसलं जातं. जिथे हे काम नीट होत नाही तिथे गर्भ खुरटतो, आईचा रक्तदाब चढतो. शिवाय दुसऱ्या काही पेशी असतात, त्यांचं काम इतरांना आवरून धरायचं: हा आपला आहे, याच्या अंगावर जाऊ नका. कुदळ घेऊन बांधावरून हिंडणारे काका मला त्या ग्रंथालयात आठवले आणि शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी वर पाहावं इतकी मी हसले.

मी स्वतः आई झाले नाही. लग्नच केलं नाही, त्यामुळे तो प्रश्नही उद्भवला नाही. गर्भारपण मी नेहमी काठावरून पाहिलं आणि काठावरून पाहणाऱ्याला पाणी नितळ दिसतं. त्या नितळपणावर माझा जरा अधिकच विश्वास होता. ते सगळं इतकं सुबक, इतकं समंजस वाटलं, की निसर्गानं स्त्रीदेहात एक करारनामाच करून ठेवलाय, अशी माझी समजूत झाली. पण राखणदार आपल्याच घरच्या वासरावर धोंडा भिरकावतो, असं कधी घडतच नाही का?

जानकी ही माझ्या चुलतभावाची, काशिनाथची बायको. माहेर पोशेऱ्याचं. उंच, सावळी, कमी बोलणारी आणि बोललीच तर समोरच्याला गप्प करणारी. पहिला मुलगा सुनील माहेरी झाला, घरातच, सुईणीच्या हातून, धडधाकट. दुसरा मुलगा जामसरला झाला तो पिवळा होता. दिवसागणिक पिवळा होत गेला आणि त्याचं नाव ठेवण्याआधीच गेला. आमच्याकडे अशा मुलांविषयी फार बोलत नाहीत. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा नवीन शतक उजाडून दोन-चार वर्षं झाली होती. मीच तिला आणि माझ्या चुलतीला, म्हणजे तिच्या सासूला, सखूकाकीला, तपासणीसाठी जव्हारला बोलावून घेतलं. रक्त तपासलं आणि कारण निघालं. जानकीच्या रक्तात जो एक अंश नव्हता, तो काशिनाथच्या रक्तात होता आणि मुलांना तो बापाकडून मिळाला होता. पहिल्या बाळंतपणात सुनीलच्या रक्ताचे चार थेंब तिच्या रक्तात मिसळले, तिच्या पेशींनी तो परका अंश पाहिला आणि लक्षात ठेवला. दुसऱ्या खेपेला त्या तयार होत्या. पहिल्या बाळंतपणानंतर लगेच एक इंजेक्शन मिळालं असतं तर त्या पेशींना काही कळायच्या आतच तो परका अंश नाहीसा झाला असता. पण पोशेऱ्याच्या त्या घरात रक्ताचा गट कुणाला ठाऊक असणार?

डॉक्टर तरुण होता, घाटावरचा, सक्तीच्या सेवेची मुदत भरत असलेला. पण मुलगा चांगला होता. कंटाळला नाही, ओरडला नाही. या बायांना आपलं म्हणणं कळलंच पाहिजे या कळकळीनं त्यानं सोप्यात सोपी मराठी काढली. "आजी, सुनेच्या रक्तात सैनिक आहेत. ते बाळाच्या रक्ताला शत्रू समजतात आणि मारतात. मागचं बाळ त्यानंच गेलं. म्हणून या वेळी नाशिकलाच बाळंतपण करायचं. तिथे बाळाचं रक्त बदलता येतं." यात चुकीचं एक अक्षर नव्हतं. मी शेजारीच उभी होते आणि मनातल्या मनात त्याला पैकीच्या पैकी गुण देत होते. जानकी मात्र त्याच्याकडे नव्हे, स्वतःच्या कोपराच्या वळणाकडे बघत होती. नुकतंच रक्त काढलं होतं, तिथे कापूस दाबून धरलेला होता.

सखूकाकीनं ते वाक्य घरी नेलं. ते तिनं कुठल्या हेतूनं नेलं, हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. दुसरं मूल गेल्यापासून पाड्यावर कुजबुज होती. कुणी करणी केली, कुणाची नजर लागली, मंत्रतंत्र करणाऱ्या भगताला विचारा. काकीला या सगळ्याचा वैताग आला होता. डॉक्टरनं खरं कारण सांगितलं याचा तिला केवढा आनंद! पाणवठ्यावर तिनं ठणकावून सांगितलं, "करनी नाय, काय नाय. डागदर बोलला, तिचं रगतच पोराला मारतंय." म्हणजे दोष कुणाचाच नाही, असं तिला म्हणायचं होतं. ऐकणाऱ्यांनी मात्र उलटं ऐकलं. इतके दिवस जे कुणाच्या तोंडून निघत नव्हतं, त्याला आता सरकारी डॉक्टरची साक्ष मिळाली. बाई स्वतःची पोरं पोटातच खाते. आमच्या डोंगरात अशा बाईला एक नाव आहे, भुताळी. ते नाव एकदा चिकटलं की बाईचं गावात राहणं मुश्कील होतं, कधीकधी जगणंही. जानकीच्या तोंडावर ते कुणी उच्चारलं नाही. फक्त ती हातपंपावर आली की बाया कडेवरच्या पोरांच्या तोंडावर पदर घेऊ लागल्या.

मला हे कळलं ते फार उशिरा आणि तेही सुनीलवरून. दिवाळीत गेले तेव्हा चार वर्षांचा तो पोर आजीजवळ झोपत होता, आजीच्या हातून जेवत होता. आईकडे धावला की आई उठून कामाला लागे. मला वाटलं, पोटुशी आहे, दमत असेल. काकी म्हणाली, "तीच त्याला जवळ घेत नाय. सारखी पळतेय." ज्या बाईवर लोक तसा आळ घेतात ती भांडते, रडते, माहेरी निघून जाते, हे मी ऐकलं होतं. पण ती स्वतःच त्यावर विश्वास ठेवील हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि का ठेवू नये? लोक खोटं बोलतात. पण रक्त तपासणारं यंत्रही खोटं बोलतं का?

काशिनाथ ठाण्याला इमारतींच्या कामावर असे. बाळंतपण जवळ आलं तसा तो आला आणि येताना तिकडची थोडी हिंदी घेऊन आला. "टेन्शन नाय घ्यायचा. टाइमपे नाशिकला जायचा, बस," एवढंच त्याचं पालुपद. पण त्यानं केलं मात्र तसंच. दिवस भरायच्या आधीच जीप करून जानकीला नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मुलगा झाला. तोही पिवळाच निघाला. त्याला निळ्या उजेडाखाली ठेवलं, त्याचं रक्त काढून दुसरं घातलं, आणि काही दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं, धोका टळला, आता घरी न्या, अंगावर पाजा. जानकीला वाचवायला नव्हे, जानकीपासून वाचवायला आपण इथे आलो होतो, असं त्या दवाखान्यात तिला वाटलं असेल का? तेव्हा मला हे सुचलं नाही. मी पेढे वाटत होते.

पुढच्या रविवारी मी जामसरला गेले. पडवीत सखूकाकी वाटी-चमचा घेऊन बसली होती. शेळीचं दूध पाणी घालून, गाळून ती बाळाला पाजत होती. बाळ घोट घेई आणि अर्धं ओघळून टाकी. नाशिकहून निघाला तेव्हापेक्षा तो बारीक दिसत होता. मांडीची कातडी सैल झाली होती, रडण्यात जोर नव्हता. "तिला दूधच नाय उतरत," काकी म्हणाली. "नाशिकलाबी असंच. सगळं केलं. आळीव घातलं, शेपा दिल्या." आत जानकी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी जवळ गेले तेव्हा तिनं पदर घाईघाईनं पुढे ओढला. पण पदरही भिजलेला होता. चोळी समोरून इतकी ओली, की आतली घट्ट आवळून बांधलेली फडक्याची पट्टी स्पष्ट दिसत होती.

मला राग आला. तो लपवण्यात अर्थ नाही. बाहेर ते पोर चमच्याशी झगडतंय आणि ही इथे दूध कोंडून बसलीय! मी बोलणार, तेवढ्यात तीच बोलली. खूप दिवसांचं तोंडपाठ केल्यासारखी. "ताई, दूध कशाचं होतं? रगताचंच ना? त्याचं रगत बदललंय नाशिकला. साफ केलंय. आन मी परत माजंच पाजू त्याला?" माझा राग जिथल्या तिथे गळून पडला. ही आई आपल्या बाळाला स्वतःपासून राखत होती.

मग मी तिला शिकवायला बसले. मला दुसरं येतं काय? मी म्हणाले, डॉक्टरनं सांगितलं ते खरं आहे, पण ती अर्धी गोष्ट आहे. ज्या पेशींना तू खुनी समजतेस, त्यांच्याच बहिणींनी हे बाळ तुझ्या पोटात रुजवलं, त्याच्यापर्यंत रक्ताची वाट मोकळी केली. त्यांनी चूक केली ती एका खुणेपुरती. दुधात तुझ्या पेशी असतात त्या बाळाला जुलाबापासून, खोकल्यापासून जपायला असतात. जे काही रक्ताशी भांडत होतं ते दुधातून जाऊन त्याला बाधत नाही, आणि डॉक्टरांनी अंगावर पाजायला सांगितलं ते उगाच नव्हे. मी छान बोलले. वर्गात इतकं छान मी क्वचितच बोलले असेन. जानकीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी बोलता ते बरोबर असंल. पन तुमचं चुकलं तं पोर माजं जाईल." ज्ञानाची किंमत ज्याला चुकवावी लागते, त्याला ते ज्ञान जपूनच घ्यावंसं वाटणार.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. बाळाच्या काही पेशीही आईच्या देहात शिरतात आणि जन्मानंतर कित्येक वर्षं तिथे नांदतात, असं त्याच मासिकांत मी वाचलं होतं. म्हणजे नावावाचून गेलेला तो दुसरा मुलगाही कदाचित अजून तिच्यात असेल, थोडाथोडका, कुठल्याशा ऊतीत मुक्काम करून. किती सुंदर वाटलं होतं मला ते वाचताना! पण ते इथे, या घरात, या पाड्यावर उच्चारायचं? पोरं पोटात खाल्ली म्हणणाऱ्यांच्या हाती आणखी एक पुरावा द्यायचा? सत्य कुठल्या दारातून आत नेलं जातं यावर त्याचं पुढे काय होणार हे ठरतं, हे मला तेव्हा पुरतं कळलं होतं.

काकी कधी उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती आम्हाला कळलं नाही. तिनं किती ऐकलं, तेही ठाऊक नाही. भिजलेली चोळी तिनं पाहिली, एवढं खरं. तिनं वाटी-चमचा खाली ठेवला, बाळाला घेऊन जानकीसमोर फतकल मारून बसली आणि दातांनी त्या पट्टीची गाठ सोडू लागली. जानकी मागे सरकायला बघत होती. मागे भिंत होती. "पोरं खाते, पोरं खाते. लय झालं," काकी पुटपुटत होती. "मीच ती गोस्ट आनली घरात, ह्याच तोंडानं. मना काय म्हाईत लोकं असं करतील." गाठ सुटली. तिनं बाळाचं तोंड सुनेच्या छातीला लावलं आणि खेकसली, "खायाचंच आसंल तं आता ह्याला तुला खाऊ दे. बघू कोन कोनाला पुरतंय. आन ह्याला काय झालं तं पाड्यावर मी सांगंन, मी पाजलं म्हनून. तुजं नाव नाय येनार."

मी इतकी वाक्यं बोलले, त्यात हे एक वाक्य नव्हतं. विज्ञानानं कारण समजावून सांगितलं होतं. जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली काकीनं.

बाळानं आधी तोंड फिरवलं, मग चाचपडलं, मग पकडलं. जानकीनं डोळे घट्ट मिटून घेतले. ती रडत नव्हती, वाट पाहत होती. काहीतरी वाईट होणार त्याची. बाहेर सुनील कोंबडीमागे धावत होता, कोंबडीच्या कलकलाटाखेरीज घरात फक्त घोटांचा आवाज होता. बराच वेळ गेला. बाळ पीत राहिलं, थांबलं, सुस्कारा टाकून पुन्हा पिऊ लागलं. जानकीनं एक डोळा उघडला. मग हळूच बोट त्याच्या नाकापाशी नेऊन धरलं आणि धरूनच ठेवलं. काकीनं हात पुढे केला, बाळाला घ्यायला, पुरे म्हणून. जानकीनं तिचा हात बाजूला सारला आणि कुणालाही न विचारता त्याला दुसऱ्या अंगाला घेतलं.